दोष, संभाव्य कारण, उपाय

बुधवारी सकाळी साडेआठ वाजता माझा मायक्रोवेव्ह ओव्हन थंड पडला. बंद पडला असं नाही. बंद पडला असता तर निदान त्याचा प्रामाणिकपणा तरी दिसला असता. आतला दिवा लागला, काचेची थाळी गोल फिरली, आकडे उतरत उतरत शून्यावर आले, शेवटी तीनदा टुंग टुंग टुंग झालं, आणि दूध फ्रिजमधून काढलं होतं तसंच गार. असं दिवसभर फिरून काहीही न करणाऱ्यांबरोबर मी एकतीस वर्षं नोकरी केली आहे, त्यामुळे नवल वाटलं नाही. भीती मात्र वाटली.

का वाटली ते सांगते. पाच महिन्यांपूर्वी मी गॅसवर दूध ठेवून शब्दकोडं सोडवत बसले. उभा सतरा अडला होता. तो सुटेपर्यंत पातेलं कोळसा झालं आणि खिडकीच्या पडद्याची कड जळली. बस, एवढंच. पण त्या संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात माझ्या मुलांची बैठक भरली. मुलगा प्रत्यक्ष हजर, लेक फोनवर, आणि मी मध्ये खुर्चीवर बसलेली असताना दोघं माझ्याबद्दल असं बोलत होते, जशी मी शेजारच्या इमारतीत राहते. शेवटी ठराव झाला. शेगडी आणि सिलिंडर घरातून जाईल. ओव्हन राहील. "ओव्हनवर तिचं ती नीट करून खात असेल तोवर राहू दे इथे," मुलगा फोनला म्हणाला, "नाहीतर सरळ माझ्याकडे. खोली तयारच आहे."

खोली खरंच तयार आहे. तिच्यात एक पलंग आहे, चालण्याचं यंत्र आहे, आणि खिडकीतून लिफ्टची भिंत दिसते. तिथली माणसं वाईट आहेत असं मी मुळीच म्हणणार नाही. सूनबाई इतकी चांगली आहे की मला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाही. मला भीती आहे ती त्याचीच. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माझ्याकडे स्वतःचं म्हणावं असं एकच काम उरलं आहे, माझं मला गरम करून खाणं. तेही गेलं की मी म्हणजे त्या खोलीतली तिसरी वस्तू.

तेव्हा पाच महिने मी त्या ओव्हनवर भात केला, बटाटे उकडले, भाज्या शिजवल्या, चहा केला. त्यातला चहा प्यायला धाडस लागतं, पण मी प्यायले.

आता माझ्या नोकरीबद्दल. घरगुती उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत मी माहितीपुस्तकं लिहायचे. खोक्यात थर्माकोलच्या खाली असतं ना, ते. जे लोक न उघडता थेट खणात टाकतात, ते. इंजिनियर त्यांना सुचेल त्या भाषेत टिपणं द्यायचे आणि मी त्यांचं मराठी करायचे. छापखान्याला सोळाच्या पटीत पानं लागत, म्हणून पन्नास पानांचा मजकूर अठ्ठेचाळीसात बसवायचा. यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. "बाईंकडे द्या, बाई दोन पानं काढतील," असं साहेबसुद्धा म्हणायचे. मुलगा शाळेत होता तेव्हा मुद्रितं मी घरी आणायचे. तो मोठ्याने वाचायचा, विरामचिन्हांसकट, आणि मी तपासायचे. "प्लग काढा स्वल्पविराम मगच साफ करा पूर्णविराम." पुढे तो मोठा झाला आणि त्याने हीच उपकरणं विकायचं दुकान काढलं. माझं लिहिलेलं खोक्यात आणि खोकं त्याच्या दुकानात, असा आमचा दोघांचा संसार बरीच वर्षं चालला.

हा ओव्हन मला निवृत्त होताना कंपनीने दिला. त्याचं पुस्तक माझंच, शेवटचं. त्यामुळे बुधवारी सकाळी मी घाबरले, पण हातपाय गाळले नाहीत. चष्मा लावला आणि पान एकेचाळीस उघडलं. तिथे तक्ता आहे. दोष, संभाव्य कारण, उपाय. लोक पोथी उघडतात त्या विश्वासाने मी तो उघडला.

प्लग सॉकेटमध्ये नीट बसवला असल्याची खात्री करा. दिवा लागतोय, थाळी फिरतेय, म्हणजे प्लग बसलेला आहे हे शेंबड्या पोरालाही कळेल. तरी मी प्लग काढला, त्या सॉकेटला मिक्सर लावून पाहिला, मिक्सर गरगरला, पुन्हा प्लग लावला. दार पूर्ण बंद असल्याची खात्री करा. दाराच्या फटीत कागद धरून दार लावलं आणि कागद ओढला. घट्ट होता. थाळीखालचं चाकांचं कडं स्वच्छ करा. केलं. आतल्या उजव्या बाजूचा अभ्रकाचा पत्रा जळका किंवा तेलकट आहे का पाहा. आरशासारखा होता, कारण आदल्याच रात्री, माझं जेवण झाल्यावर सहज डोकावलेल्या माझ्या मुलाने ओव्हन आतून-बाहेरून पुसला होता. हो, माझ्या मुलाने. आयुष्यात पहिल्यांदा त्याने फडकं हातात घेतलं. मी दुसऱ्या खोलीतून बघत होते, आणि खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले होते.

बटणे दाबूनही ओव्हन सुरू न झाल्यास बालकुलूप लागले आहे का पाहा. या 'बालकुलूप' शब्दावर कार्यालयात अडीच तास चर्चा झाली होती. पण बटणं चालत होती, तेव्हा कुलपाचा प्रश्न नव्हता. कमी तापमानाची निवड झाली आहे का पाहा. नव्हती. मग शेवटची ओळ. दोष कायम राहिल्यास अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा.

हे वाक्य मी कमीत कमी दोनशे पुस्तकांत लिहिलं असेल. त्याचा अर्थ मला बुधवारी दुपारी कळला. आधी पंचवीस मिनिटं फोनवर बासरी वाजली. मग एक मुलगी आली आणि म्हणाली, "मॅडम, प्लग सॉकेटमध्ये नीट बसवला असल्याची..."

"खात्री केली आहे," मी म्हणाले.

"मॅडम, दार पूर्ण बंद..."

"असल्याचीही केली आहे. बाळ, तू जे वाचते आहेस ते मीच लिहिलंय."

"ओके मॅडम. थाळीखालचं चाकांचं कडं..."

माझीच वाक्यं, माझ्याच तोंडावर, एकामागून एक. एकही सोडलं नाही तिने. एवढं झाल्यावर सांगितलं की माणूस दहा दिवसांनी येईल आणि तक्रारीचा संदेश नोंदवलेल्या नंबरवर जाईल. नोंदवलेला नंबर मुलाचा होता. मी घाईघाईने म्हणाले की ओव्हन सुरू झाला, आत्ताच, तुझ्या बोलण्यानेच सुरू झाला, आणि फोन ठेवला. त्या मुलीला केवढा आनंद झाला असेल.

मुलगा दर रविवारी येतो. म्हणजे माझ्याकडे गुरुवार, शुक्रवार, शनिवार. बुधवारी रात्रीपासून मी गार पाव आणि केळी खायला लागले.

गुरुवारी त्याचा फोन आला. "आई, जेवलीस का? गरमच जेवतेस ना? ओव्हन काय म्हणतोय?"

"मजेत आहे," मी केळं गिळत म्हणाले. एरवी त्याला माझ्या गुडघ्यांची आठवण करून द्यावी लागते, आणि आज ओव्हनची खुशाली विचारतोय. मला वाटलं, पोरगं हळवं झालंय.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त भूगोलाचे मास्तर राहतात. निवृत्तीनंतर ते व्हिडिओ बघून सर्वज्ञ झाले आहेत. त्यांनी आजवर स्वतःचा पंखा, स्वतःची इस्त्री आणि मेव्हण्याचं गीझर कायमचं दुरुस्त केलं आहे. गीझरवाले मेव्हणे आता त्यांच्याशी बोलत नाहीत. त्यांच्याकडे जायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण जिन्यात त्यांनीच गाठलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं. पाचव्या मिनिटाला ते पेचकस घेऊन माझ्या स्वयंपाकघरात.

"वहिनी, एकदम सोपं आहे. मागचं आवरण काढायचं, आत एक फ्यूज असतो, तो उडालेला असतो."

"मास्तर, आवरण काढायचं नाही."

"प्लग काढलाय की." दोन स्क्रू निघालेसुद्धा.

"मास्तर!" मी अशी ओरडले की त्यांच्या हातातला पेचकस पडला. "आत कपॅसिटर आहे. प्लग काढला तरी त्यात वीज साठून राहते. हात लागला तर माणूस जागच्या जागी जातो. पान तीन, ठळक अक्षरात, चौकटीत."

"पण व्हिडिओतला माणूस तर हसत होता."

"शेवटपर्यंत बघितलात?"

मास्तरांनी जरा विचार केला. "नाही. मध्ये जाहिरात लागली."

ते दोन स्क्रू त्यांनी मुकाट्याने परत बसवले. मग कपाळाचा घाम पुसत, हे आपल्यालाच सुचलं अशा थाटात म्हणाले, "वहिनी, यासाठी माहीतगार माणूस पाहिजे. मागच्या गल्लीत शिलाईच्या दुकानाशेजारी एक दुरुस्तीवाली बसते." हा एक सल्ला त्यांनी व्हिडिओ न बघता दिला, म्हणून तो बरोबर निघाला.

दुरुस्तीवाली शुक्रवारी दुपारी आली. तिशीची, खांद्याला पिशवी, केसांत पेन्सिल. आधी चपला काढल्या, मग हात धुतले. माझ्या मनात तिथेच भरली. तिने पिशवी उघडलीच नाही. म्हणाली, "मावशी, एक पेला पाणी द्या."

मला वाटलं तहान लागली. तिने तो पेला ओव्हनमध्ये ठेवला, एक मिनिट लावलं, आणि डोळे मिटून कान दिला.

"ऐकताय?"

"काय?"

"काहीच नाही ना? हा नुसता पंख्याचा आवाज. ओव्हन तापवतो तेव्हा त्याच्या खाली एक जड घुरघुर असते." एक मिनिटाने तिने पाण्यात बोट घातलं. गार. मग ओट्यावरचं माझं पुस्तक उचललं आणि चाळता चाळता हसायला लागली. "कोण लिहितं हो ही पुस्तकं? दार बंद असल्याची खात्री करा! हे वाचून एकसुद्धा ओव्हन दुरुस्त झालेला मी बघितला नाही."

"असतील कोणीतरी बिचारे," मी म्हणाले.

तिने पडद्याजवळ तोंड नेलं. उजव्या कोपऱ्यात, आकड्यांच्या बाजूला, मुंगीएवढं एक अक्षर होतं. इंग्रजीतला छोटा डी. मला ते चष्म्यातूनही दिसलं नव्हतं.

"हा बिघडलेलाच नाही मावशी. हा डेमोवर आहे. दुकानात मांडून ठेवतात ना, गिऱ्हाईकाला दाखवायला, तसा. दिवा लागतो, थाळी फिरते, टुंग वाजतं. तापत तेवढं नाही. नाहीतर दिवसभर बटणं दाबून लोक रिकामा ओव्हन जाळतील." तिने 'थांबवा' बटण चार वेळा आणि 'सुरू' बटण चार वेळा दाबलं. मुंगी गेली. पेला पुन्हा आत ठेवला. यावेळी घुरघुर मलाही ऐकू आली, आणि एका मिनिटाने पेल्यातून वाफ निघाली. मी तिच्यासमोरच डोळ्यांना पदर लावला.

"पण हे पुस्तकात का नाही?" ती पानं उलटत विचारत होती. "एवढं महत्त्वाचं, आणि नाहीच!"

का नाही ते मला ठाऊक होतं. मजकूर एकोणपन्नास पानांचा झाला होता. मी लाल पेनाने तो परिच्छेद उडवला आणि समासात लिहिलं, 'ग्राहकास आवश्यकता नाही.' त्यानंतर महिनाभराने मुलाचा दुकानातून फोन आला होता. "आई, तुझ्या पुस्तकात डेमो कुठे दिसत नाही? आमच्या पोरांना जमेना." मी ऐटीत म्हणाले होते, ते दुकानदारांचं तुम्ही बघा, पुस्तक गिऱ्हाइकासाठी असतं.

"चुकून लागतं का गं हे?" मी विचारलं. "पुसताना वगैरे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "चार वेळा हे आणि लगेच चार वेळा ते? नाही मावशी. माहीत असणाऱ्यानेच लावलं पाहिजे. कोणी हात लावला होता का?"

"छे," मी म्हणाले. "इथे कोण येतंय."

शनिवारी मी दिवसभर पुसत बसले. फडक्याने, हाताने, कोपराने, ओव्हनची बटणं मी सतरा प्रकारे पुसली. एकदाही तो डी आला नाही. तरी मी मनाला सांगत होते की फडक्याचीही एक तऱ्हा असते, मुलाच्या हाताला वळण नाही, पहिल्यांदाच पुसत होता बिचारा. आपलं पोर आहे म्हटल्यावर माणूस कशावरही विश्वास ठेवतो.

रविवारी अकराला तो आला. बगलेत खोकी होती, दुकानातली, घडी घातलेली. 'ही बाजू वर' असं त्यांच्यावर छापलेलं होतं. ते वाक्यही माझंच.

"ही कशाला?" मी विचारलं.

"असू देत गं, लागली तर." त्याने माझ्या नजरेला नजर दिली नाही. बहिणीला फोन लावला आणि तिचा चेहरा ओव्हनसमोर धरला. "आई, आपण एक छोटीशी चाचणी घेऊ. ताईचंही समाधान होईल. तू रोज गरम जेवतेस ना, मग काही प्रश्नच नाही."

"घे की," मी म्हणाले.

त्याने कपभर दूध आत ठेवलं, दीड मिनिट लावलं. फोनवर लेक म्हणत होती की अरे, उगाच कशाला. तो तिला समजावत होता की काळजीपोटीच करतोय, वय झालं की यंत्रं कळत नाहीत, त्यात लाज कसली. बोलण्याच्या नादात घुरघुर त्याच्या कानावर पडली नाही. टुंग टुंग टुंग झालं. त्याने कप बाहेर घेतला, फोन कपावर धरला, म्हणाला, "हे बघ ताई, गारच आहे," आणि दोन बोटं दुधात बुडवली.

तो शाळेत पडला होता तेव्हाही एवढा ओरडला नव्हता. कप ओट्यावर आडवा, फोन जमिनीवर, त्यातून लेकीचा आवाज, "काय झालं? काय झालं?" मी त्याचं मनगट धरून बोटं नळाखाली घातली. मनात काहीही असलं तरी हात आधी ते करतात.

आणि नळाखाली हात असतानाच त्याने मान वळवून ओव्हनकडे पाहिलं. दाराकडे नाही, प्लगकडे नाही. पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे. मुंगीएवढं अक्षर जिथे होतं, बरोबर तिथे.

त्या क्षणापर्यंत मी फडक्याला दोष देत होते. आता काही उरलं नाही. मला राग आला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. त्याने फसवलं याचं दुःख होतंच. पण माझं सगळं पुस्तक त्याला पाठ होतं, आणि त्यातली एकुलती एक गाळलेली जागा त्याने माझ्यासाठी वापरली, ते जिव्हारी लागलं.

"शुक्रवारीच काढलं ते अक्षर," मी म्हणाले.

मग तो म्हणाला, "आई, त्या दिवशी धूर निघाला ना, मला मास्तरांचा फोन आला. मी दुकानातून निघालो ते इथे पोहोचेपर्यंत चाळीस मिनिटं लागली. चाळीस मिनिटं मला माहीत नव्हतं की तू आहेस का." "तुला ये म्हटलं तर तू येणार नव्हतीस."

"म्हणून पाहिलंस का?"

"नाही."

"एकदा तरी सरळ म्हणायचं होतंस की मला भीती वाटते. माझ्याशी बोलायचं सोडून ओव्हनला कसलं थंड पाडतोस?"

बावन्न वर्षांचा, टक्कल पडलेला, स्वतःच्या दुकानाचा मालक, आणि बोटं नळाखाली. मी पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं. पान एकेचाळीसवर तक्त्याच्या खाली शनिवारी संध्याकाळी मी माझ्या अक्षरात एक ओळ घातली होती. त्याने वाचली. मोठ्याने, पूर्वी वाचायचा तशी, बहुधा सवयीने.

"दोष अपूर्णविराम ओव्हन चालतो स्वल्पविराम पण गरम होत नाही पूर्णविराम. संभाव्य कारण अपूर्णविराम..." तिथे तो अडखळला. "...जवळचे माणूस पूर्णविराम. उपाय..."

उपायाची जागा कोरी होती. मला तो शनिवारी सुचला नव्हता. त्याने खिशातलं पेन काढलं, भाजलेल्या बोटांनी धरता येईना, तर डाव्या हाताने, पहिलीतल्या पोरासारख्या अक्षरात लिहिलं, 'आधी विचारावे.' पूर्णविराम द्यायला विसरला, तो मी दिला.

खोकी तो परत घेऊन गेला. शेगडी काही परत आली नाही, आणि मीही मागितली नाही. उभा सतरा मला अजून आठवतो. ओव्हनवर माझं रोजचं चाललंय. चहा तसाच वाईट होतो. मुलगा दर रविवारी येतो, आणि आता आधी गुडघे विचारतो, मग ओव्हन.

मी त्याला मनापासून माफ केलं आहे. तरी रविवारी अकराला दारावरची घंटा वाजली, की मी आधी स्वयंपाकघरात जाते आणि 'थांबवा' बटण दहा सेकंद दाबून धरते. पडद्यावर छोटं कुलूप उमटतं, मग कोणीही काहीही दाबलं तरी ओव्हन ऐकत नाही. पान सव्वीसवर मीच लिहिलंय, घरात मूल असल्यास ही सोय अवश्य वापरावी. तेवढं झालं की जाऊन दार उघडते.